गुडघ्यावर लावलेली चांदी

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर पिवळा कागदी झगा होता, तोंडावर मास्क आणि हातात मोजे. आदल्या दिवशी त्या साध्या पांढऱ्या कोटात आल्या होत्या आणि बोलताना माझ्या पलंगाच्या कडेला टेकल्याही होत्या. आज पलंगापासून चार पावलं लांब थांबल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला निकाल कळला.

"तर, फ्राऊ मोहिते," त्या म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात एमआरएसए वाढलाय. आजपासून ही खोली बंद."

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्टॅफिलोकॉकस हा कितीतरी लोकांच्या नाकात आणि कातडीवर गुपचूप राहणारा जंतू. त्याची ही जात नेहमीच्या अँटिबायोटिक्सना भीक घालत नाही. ही वाक्यं मी तोवर पोस्टरवर, अहवालात, शिष्यवृत्तीच्या अर्जात इतक्या वेळा लिहिली होती की झोपेतही म्हणून दाखवली असती. ब्राउनश्वाइगमधल्या एका संशोधनसंस्थेत मी याच जंतूला मारायच्या उपायावर पीएचडी करत होते. तीन वर्षं झाली होती. आणि तो माझ्या डाव्या गुडघ्यात मजेत वाढत होता.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. हे लिहिते आहे ते सहानुभूतीसाठी नाही. ती तेव्हा पोतंभर मिळाली आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पडून आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, कारण पुढचा मूर्खपणा त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या संस्थेत मातीतला एक निरुपद्रवी जिवाणू काचेच्या चंबूत वाढवत. तो ज्या पाण्यात वाढला त्यात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, घालायचा. दुसऱ्या दिवशी ते फिकट पिवळं पाणी तपकिरी झालेलं असतं. जिवाणूंनी क्षारातून चांदीचे अतिशय बारीक कण बनवलेले असतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. त्यांना नॅनोपार्टिकल्स म्हणतात. हे कण जंतू पसरलेल्या बशीत ठेवले की त्यांच्याभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ गोल कडं उमटतं. ते कडं पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. तीन वर्षं मी कडी मोजली.

आमच्या पोस्टरवर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि खाली निसर्गाच्या कारखान्याबद्दल काहीतरी गोडगोड लिहिलेलं होतं. गरीब देशांना स्वस्त औषध मिळेल, असंही होतं. गरीब देश म्हणून परिषदांमध्ये मला त्या पोस्टरशेजारी उभं करत. मला ते आवडायचं. त्या दिवशी मी मुद्दाम साडी नेसत असे.

आता घरचं. माझा नवरा हेमंत जवळच्या गावात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता. आमच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात बिस्किटं कधीच नसत. पुण्याला गेलं की कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन नावं सांगायची आणि वर्षाचा साठा आणायचा. चिठ्ठी कोण मागतंय? इथला हाउसआर्झ्ट, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, घसा दुखला तर चहा प्या, झोपा आणि तीन दिवसांनी या, असं सांगतो. आपल्या माणसाला हा अपमान वाटतो. डॉक्टरने काही लिहून दिलं नाही म्हणजे त्याला काही येत नाही.

त्यामुळे गावातली मराठी घरं मला फोन करत. मंजिरी, तू त्यातलीच ना, बघ जरा. मी डबा उघडत असे. पाच गोळ्या दे, तीन खा, बरं वाटलं की थांब, उरलेल्या परत आण, दुसऱ्या कुणाला होतील. काटकसर आपल्या रक्तातच आहे. सकाळी मी विद्यार्थ्यांना सांगत असे की अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. संध्याकाळी एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याच्या बायकोला सर्दीसाठी तीन गोळ्या कागदात बांधून देत असे. सर्दी विषाणूने होते आणि त्यावर या गोळ्या चालत नाहीत, हेही मला माहीत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासारख्यांना बघूनच कुणीतरी केली असणार.

डिसेंबरात भावाच्या लग्नाला पुण्याला गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी स्कूटरवरून पडले आणि गुडघ्याच्या वर चार टाके पडले. जवळच्या लहानशा दवाखान्यात त्यांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जखम सुकल्यासारखी दिसली. चौथ्या दिवशी उरलेल्या गोळ्या मी बॅगेत टाकल्या. पुढे त्या कुठे गेल्या, ते सांगायला नको.

परतताना सासूबाई बरोबर होत्या. त्या कराडच्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाचा संसार बघायला आल्या होत्या. मी त्यांना आई म्हणते. तेव्हा मात्र मनातून त्यांना फारशी किंमत देत नव्हते. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, माझं संपता संपत नव्हतं, एवढंच माझं गणित होतं.

जानेवारीच्या शेवटी टाक्यांच्या जागी एक फोड आला. डब्यातल्या अर्ध्या स्ट्रिपने तो बसला. आठ दिवसांनी परत आला, मोठा होऊन. दुसऱ्या रंगाच्या गोळ्या घेतल्या. पुन्हा बसला, पुन्हा आला. एखाद्या विद्यार्थ्याने मला ही लक्षणं सांगितली असती तर मी त्याला कानाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. स्वतःच्या बाबतीत माझ्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला.

आमच्या खाली एक जर्मन आजीबाई राहत. त्या कुठल्याशा दुकानातून चांदीचं पाणी आणून रोज चमचाभर पीत आणि मलाही प्यायचा आग्रह करत. मी वर येऊन हेमंतला त्यांची नक्कल करून दाखवायचे. शिकलेल्या देशातले अडाणी लोक, असं मी म्हणाले होते. मग एका शुक्रवारी मी प्रयोगशाळेतून तपकिरी पाण्याची एक कुपी कोटाच्या खिशात घालून घरी आणली. प्रयोगशाळेतलं काहीही बाहेर न्यायला सक्त मनाई होती. ते पाणी निर्जंतुक नव्हतं. त्यात जिवाणूंचे मेलेले तुकडे होते, न संपलेला नायट्रेट होता. पण ते माझं होतं. आजीबाईंचं ते थोतांड आणि माझं ते विज्ञान.

स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर ठेवून मी कापसाने ते पाणी फोडावर आणि भोवती लावत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, हे गं काय? मी सांगितलं, आई, ही चांदी आहे, माझ्या जंतूंनी बनवलेली. त्यांना ते लगेच पटलं. बाळाला चांदीच्या वाटीत भरवतात ते काय उगाच, असं म्हणून त्या भाजी चिरायला लागल्या. मी मनातल्या मनात हसले. पुढचे नऊ दिवस दिवसातून दोनदा लावलं. कातडी आधी तपकिरी आणि मग काळी झाली.

दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि गुडघा कलिंगडासारखा सुजला. हेमंतने मला उचलून गाडीत घातलं.

इस्पितळात पहिल्याच तासात जाड सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. ते गढूळ होतं. सेप्टिक आर्थ्रायटिस, असं ते म्हणाले, म्हणजे सांध्याच्या आत पू. हे थांबायला वेळ देत नाही, दोन-तीन दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, खाऊन टाकतं. त्याच दुपारी भूल देऊन सांधा धुतला. त्याआधी एका तरुण डॉक्टरने विचारलं होतं, "ही काळी कातडी कशाने? काही लावलं होतं?"

"बीटाडीन," मी म्हणाले.

हे खोटं मी किती सहज बोलले याचं मला आजही नवल वाटतं. कुपीचं कळलं असतं तर संस्थेतून हकालपट्टी झाली असती, असं मी स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे लाज. जंतुशास्त्रातली बाई खालच्या आजीबाईंसारखं पाणी लावत बसली, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

गुरुवारी एमआरएसएचं कळल्यावर औषध बदललं. व्हँकोमायसिन, हे नेहमीची औषधं हरतात तेव्हा शिरेतून देतात. खोलीला दोन दारं झाली, मध्ये झगे टांगलेली जागा. आत येणारा प्रत्येक माणूस पिवळा. माझं जेवणाचं ताटसुद्धा वेगळं जाई. एकांतवासात माणूस विचार करतो म्हणतात. मी बहुतेक वेळ आपण किती हुशार आहोत याचाच विचार केला आणि तो विचार टिकेना.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेचे कागद घेऊन आल्या. त्याच दिवशी सासूबाई पहिल्यांदा मला भेटायला आल्या होत्या. हेमंत त्यांना दारापर्यंत सोडून गाडी लावायला गेला होता. हात निर्जंतुक करायचे म्हणून श्वेस्टरने, म्हणजे नर्सने, खुणेने बांगड्या काढायला सांगितलं. काचेच्या बांगड्या, हातात घट्ट बसलेल्या. सासूबाईंनी मुलाच्या मुंजीतही एका हातातली बांगडी वाढवली तर लगेच दुसरी भरली होती. मोकळ्या हाताने त्या पाणीही देत नसत. त्यांनी साबण लावून एकेक बांगडी उतरवली, मनगट सोललं, आणि झगा घालून आत येऊन खुर्चीवर बसल्या. पिकलेल्या केळ्यासारख्या पिवळ्या दिसतात आई, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उघडली आणि पेनाने गुडघ्याभोवती एक रेघ मारली. रेघ मोठी होती.

"कातडी मरते आहे," त्या म्हणाल्या. "काळं वाढलंय. आज दुपारी पुन्हा सांधा धुताना ही सगळी काढावी लागेल, कडेची थोडी चांगलीही. मग खाली काहीच उरणार नाही, म्हणून पोटरीचा स्नायू वळवून वर आणावा लागेल. गुडघा पुन्हा वाकेल याची खात्री मी देत नाही. आणि जंतू हाडात गेला तर पायाबद्दल बोलावं लागेल. तुम्हाला हे आज ऐकायला हवं."

मी ऐकलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "फ्राऊ मोहिते, मी पुन्हा विचारते. यावर काय लावलं होतं? बीटाडीनने असा काळेपणा येत नाही."

त्या क्षणी सांगायचं होतं. मला माहीत होतं की चांदीचा क्षार उजेडात कातडी काळी करतो. माझी स्वतःची बोटं तीन वर्षं काळी होती. ही कातडी कदाचित मेलेली नसेलच, नुसती रंगली असेल, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. पाय माझा होता. तरी मी म्हणाले, "दुसरं काही नाही."

"काय म्हणतायत गं बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"काळं झालंय ते कापायचं म्हणतायत, आई. काय लावलं होतं विचारतायत."

"मग सांग की. चांदी लावलीस म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या आई काय म्हणतात?"

"त्या जेवणाचं विचारतायत," मी म्हणाले.

सासूबाईंना जर्मन येत नव्हतं, पण माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते त्यांना येत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत वाकल्या, बूट काढला, जाड लोकरीचा मोजा काढला आणि उघडा पाय उचलून थेट माझ्या पलंगाच्या कडेवर ठेवला. श्वेस्टर ओरडली. सासूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. बांगड्या दारात उतरवल्या होत्या, पण पायातली जोडवी कुणी मागितली नव्हती. त्यांनी जोडव्यावर बोट आपटलं. मग माझ्या काळ्या गुडघ्याकडे बोट केलं. मग कापूस धरल्यासारखी चिमूट करून हवेत गोल गोल फिरवली आणि शेवटी बोट माझ्यावर आणून थांबवलं.

डॉक्टरीणबाईंनी जोडवं पाहिलं, गुडघा पाहिला. "ज़िल्बर?" त्या हळूच म्हणाल्या. चांदी?

मी रडायला लागले. पश्चात्तापाने नाही, आधी नुसत्या अपमानाने. सातवी शिकलेल्या बाईने पाय वर करून माझी तीन वर्षांची विद्या एका मिनिटात सांगून टाकली होती.

"त्यात काय काय आहे ते आधी सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओरडायला मला नंतर वेळ आहे."

मी सगळं सांगितलं. क्षार किती, जिवाणू कुठला, काय गाळलं आणि काय गाळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, माझ्या प्रोफेसरांचा नंबर घेतला आणि माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या बशीत हा जंतू मरतो?"

"मरतो."

"बशीत रक्त असतं? पू असतो?"

"नाही."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि कागद घेऊन निघून गेल्या.

त्या एका शब्दात माझा प्रबंध संपला होता.

दुपारी शस्त्रक्रिया झाली. पेनाच्या रेघेवर त्यांनी कापलं नाही. काळ्या कातडीला जागोजागी लहान चिरा देऊन पाहिलं. रक्त आलं, म्हणजे जिवंत. फक्त फोडाच्या तोंडाशी, दोन रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा खरोखर मेला होता. तेवढाच काढला. पोटरीला हात लावला नाही. शुद्धीवर आल्यावर हे मला हेमंतने सांगितलं. तो पिवळ्या झग्यात फार थकलेला दिसत होता. "तू मलाही सांगितलं नाहीस," एवढंच म्हणाला.

पुढचे दिवस सीआरपीचे. सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात जळजळ किती आहे ते सांगणारा रक्तातला आकडा. रोज सकाळी रक्त नेत आणि दुपारी आकडा येई. आकडा उतरला तर पाय राहणार, चढला तर पुन्हा ते कागद. पहिले तीन दिवस तो हललाच नाही. व्हँकोमायसिन भरभर सोडलं की मान आणि छाती लाल होऊन खाज सुटते, तेही झालं. चौथ्या दिवशी आकडा थोडा उतरला. सासूबाई रोज बांगड्यांशिवाय येत आणि आकडा विचारत. त्यांना सीआरपी काय कळणार, असं मी आता मनातही म्हणत नव्हते. कमी की जास्त, एवढं त्यांना कळत होतं आणि मलाही तेवढंच कळून घ्यायचं होतं.

मराठी मंडळींचे फोन येत. काही म्हणाले, जर्मनीतली इस्पितळंच घाण, तिथेच लागलं असणार. काहींनी प्रयोगशाळेवर बोट ठेवलं. प्रयोगशाळेतल्या जातीशी तुलना झाली. ती वेगळी निघाली. जंतू पुण्याच्या दवाखान्यात लागला, लग्नाच्या गर्दीत लागला की आधीच माझ्या नाकात बसला होता, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. "तुमच्या अर्ध्या गोळ्यांनी तो जन्माला घातला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्याचे शेजारी मारून त्याला जागा तुम्ही करून दिलीत. आणि आमच्याकडे यायला तीन आठवडे उशीर केलात." एका मावशींनी तर इस्पितळात फोन करून विचारलं की डब्यातल्या गोळ्या आता कुणाकडे मिळतील. त्यांचा मला राग आला, पण हा धंदा मीच सुरू केला होता.

दुसऱ्या आठवड्यात श्वेस्टरने एका खोक्यातून पाकीट काढलं, फाडलं आणि करड्या रंगाची पट्टी माझ्या जखमेवर बसवली. मी पाकीट वाचायला मागितलं. चांदीची पट्टी होती. कारखान्यात बनलेली, निर्जंतुक, वापरायची मुदत छापलेली. अशा पट्ट्या बाजारात आहेत हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यांच्यावर एक तुच्छतेचं वाक्य होतं. जखमेच्या वरच्या थराला ती पट्टी उपयोगी पडली. सांध्यातल्या जंतूला मारलं ते शिरेतल्या औषधाने आणि दोनदा धुतल्याने. चांदीला चांदीचं काम होतं, तेवढंच.

नाकात मलम, रोज औषधी पाण्याने डोक्यापासून आंघोळ, रोज नवी चादर. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने स्वच्छ आले की सुटका. तिसरा आला त्या दिवशी डॉक्टरीणबाई मास्क न लावता आल्या. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा मला त्यांची हनुवटी दिसली. "पाय राहिला," त्या म्हणाल्या. "पूर्ण वाकणार नाही. मांडी घालून बसणं विसरा." मी त्यांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, आभार कुणाचे मानायचे ते तुम्हाला माहीत आहे.

सासूबाईंचे आभार मानायला मला आणखी दोन आठवडे लागले, त्यांचं विमान सुटायच्या दिवसापर्यंत. आपल्यात सासूला थँक यू म्हणत नाहीत, हे कारण माझ्या सोयीचं होतं. मी वाकून नमस्कार करायला गेले तर गुडघा वाकेना. त्या म्हणाल्या, राहू दे, पडशील.

प्रोफेसरांनी संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सगळं कळवलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि तीन महिने प्रयोगशाळा बंद. ते योग्यच होतं. परत गेले तेव्हा माझ्या संमतीने इस्पितळाने माझ्या गुडघ्यातला जंतू आम्हाला दिला होता. मी तो बशीत पसरला आणि माझे चांदीचे कण ठेवले. दुसऱ्या दिवशी सुंदर गोल कडं. सहकारी टाळ्या वाजवायला लागले. मग मी जखमेत असतो तसा रक्तद्रव, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी, मिसळून तोच प्रयोग पुन्हा केला. कडं जवळजवळ नाहीसं झालं. रक्तातली प्रथिनं आणि मीठ चांदीला पकडून ठेवतात, ती जंतूपर्यंत पोचतच नाही. हे पुस्तकात आधीपासून होतं. मी ते पान भरभर उलटलं होतं. या वेळी त्याचा एक अख्खा धडा लिहिला आणि पोस्टरवरून गरीब देश खोडले.

दीड वर्षाने तोंडी परीक्षा झाली. समोर पाच जण, मागे सहकारी आणि हेमंत. बॉनहून आलेल्या परीक्षकांनी शेवटी चष्मा वर करून विचारलं, "हे कण माणसाच्या जखमेवर कुणी वापरून पाहिलेत का?"

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असतं. अजून नाही, तो पुढचा टप्पा आहे. सगळे तेच देतात आणि कुणी पुढे विचारत नाही. माझ्या प्रोफेसरांनी कागदात मान घातली. ताकिदीचं पत्र संस्थेच्या कपाटात होतं, या खोलीत त्याची गरज नव्हती.

"हो," मी म्हणाले. "एका रुग्णावर, नऊ दिवस. जंतू मेला नाही. कातडी काळी पडल्यामुळे डॉक्टरांचा अंदाज चुकला आणि रुग्णाचा गुडघा जाता जाता वाचला."

"हे कुठे प्रसिद्ध झालंय?"

"कुठेच नाही. ती रुग्ण मी आहे. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तीनदा खोटं बोलले."

मग त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आणखी दोन प्रश्न विचारले, दोन्ही अवघड. मला पदवी मिळाली. श्रेणी अपेक्षेपेक्षा एक पायरी खालची होती.

बाहेर आल्यावर मी जिन्यातच टेकून कराडला फोन लावला.

"झालीस पास?" सासूबाईंनी विचारलं.

"झाले, आई. त्यांनी विचारलं, माणसाला लावून बघितलंय का म्हणून."

"मग?"

"मग सांगितलं सगळं. खोटं बोलले होते तेही."



"मी तिथं नसताना सांगितलंस?"

"हो."

"मग आता बरी झालीस म्हणायची," त्या म्हणाल्या.